वकील संघटनेची मानवी हक्क समिती : रात्री फोन उचलायची पाळी कुणाची?

बावड्याची वाट
नमस्कार मंडळी.

गेल्या आठवड्यात आमच्या कोल्हापूरच्या वकील संघटनेच्या सभेत ठराव झाला की मानवी हक्क समिती स्थापन करायची. टाळ्या पडल्या, आणि मी चहा घ्यायला बाहेर गेले होते तेवढ्यात मला निमंत्रक करून टाकलं. (सभेत चहाला कधी उठू नये.) आता बाररूममध्ये भेटेल तो विचारतो, उद्घाटन कधी, पाहुणा कोण, बॅनर केवढा. काम काय करणार, हे अजून एकानेही विचारलेलं नाही.

सहा वर्षांपूर्वी अशीच एक समिती झाली होती. व्हॉट्सॲप ग्रुपवर बावीस वकील. दर १० डिसेंबरला, मानवी हक्क दिनाला, व्याख्यान, हार, फोटो. एका रात्री साडेअकराला ग्रुपवर मेसेज आला : यंत्रमागावर काम करणाऱ्या एकाला संध्याकाळी ठाण्यात नेलंय, बायको बाहेर बसून आहे, कोणी जाऊ शकेल का? चौदा जणांनी वाचल्याचं दिसत होतं. तिघांनी जोडलेले हात पाठवले. एकाने 'सकाळी बघू' लिहिलं. गेलं कोणीच नाही. त्या चौदांत मी होते. मला वाटलं, एवढी माणसं आहेत, कोणीतरी जाईलच. सकाळी कोर्टात पोचले तोवर रिमांड होऊन गेलेला, आणि त्याच्या बाजूने उभं राहिलेलं कोणी नव्हतं.

म्हणून विचारते. ज्यांनी असं काम जवळून पाहिलंय, वकील असोत नसोत, त्यांनी सांगा, ते चालतं कशावर? चांगल्या मनाची माणसं आमच्याकडे कमी नाहीत. तरी काम होत नाही.

थोरली सनद
ताई, अभिनंदन करू की सांत्वन?

पहिली गोष्ट. सरकारी यंत्रणा जिथं आहे तिथं गर्दी करू नका. गरिबांना फुकट वकील देणाऱ्या विधी सेवा प्राधिकरणाचा कायदा १९८७ चा, अंमल १९९५ पासून. २०२२ पासून तर आरोपींच्या बचावासाठी पूर्णवेळ नेमलेले वकील आहेत. त्यांना खासगी वकिली करता येत नाही, हेच त्यांचं काम. तुरुंगात कायदा मदत केंद्र आहे. कोर्टात उभं राहिल्यावर आणि आत गेल्यावर, म्हणजे कागदावर तरी, माणूस एकटा नाही.

एकटा असतो तो ठाण्यात नेल्यापासून मॅजिस्ट्रेटसमोर आणेपर्यंत. चोवीस तासांची मर्यादा, प्रवासाचा वेळ सोडून. घटनेचं कलम २२, नव्या नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ५८. नाल्साने, म्हणजे राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने, या टप्प्यासाठी २०१९ मध्ये आराखडाही काढलाय, पण रात्री अकराला ठाण्याच्या पायरीवर आराखडा येत नाही, माणूसच यावा लागतो. तुमच्या समितीने हे चोवीस तास धरावेत. बाकी सगळं नंतर.

दुसरी गोष्ट. ग्रुप करू नका, यादी करा. बावीस जणांना विचारलेला प्रश्न कुणालाच विचारलेला नसतो. तारखेसमोर दोन नावं, एक जुना, एक ज्युनिअर. त्या रात्री तेच दोघं.

बाकावरचा
वकील आणि फुकट? चांगला जोक आहे.

आमच्या गल्लीत एकजण आहे. गाडीवर लाल अक्षरात 'मानवाधिकार', खाली 'जिल्हाध्यक्ष'. दोन हजार भरून ओळखपत्र मिळालंय म्हणे. परवा दूधकट्ट्यावर ट्रॅफिक हवालदाराला तेच दाखवत होता. त्यामुळे मानवी हक्क म्हटलं की आधी आम्ही खिसा सांभाळतो.

बावड्याची वाट
@बाकावरचा, टोमणा मान्य. म्हणूनच ओळखपत्र, बिल्ला, गाडीवरची अक्षरं यातलं काहीही निघणार नाही, हे पहिल्या बैठकीत लिहून घेतलंय. तसंही बार कौन्सिलचा नियम ३६ वकिलाला जाहिरात करू देत नाही. आणि नियम ४६ सांगतो की ज्याला पैसे परवडत नाहीत त्याला फुकट कायदेशीर मदत देणं हे वकिलाचं फार मोठं कर्तव्य आहे. दोन्ही नियम एकाच पुस्तकात आहेत, दुसरा कोणी वाचत नाही.

@थोरली सनद, दोन नावांची कल्पना पटली. पण ज्याची तारीख आहे त्याने फोन बंद ठेवला तर?

निवृत्त ठाणे अंमलदार
चौतीस वर्षं खात्यात काढली. दुसऱ्या बाजूचं ऐकून घ्या, राग नसावा.

ठाण्यात वकील आला की तपासी अंमलदाराचं डोकं फिरतं, हे खरं. पण त्यातही दोन प्रकारचे वकील असतात. एक येतो तो टेबलावर हात आपटत, 'तुमची वर्दी उतरवतो'. त्याच्या अशिलाला रात्रभर त्याचा हिशेब चुकवावा लागतो. दुसरा येऊन खुर्चीत बसतो, वही काढतो आणि विचारतो, 'अटक दाखवली का? किती वाजता? डायरीला नोंद कोणती?' त्याला आम्ही जास्त घाबरायचो.

तुमच्या पोरांना एवढं शिकवा. माणूस अटकेत आहे, चौकशीला बोलावलाय, की संहितेच्या कलम ३५ ची, म्हणजे अटक न करता हजर राहायची, नोटीस देऊन बसवलाय, हे आधी विचारायचं. 'नुसतं बोलावलंय' असं उत्तर आलं तर 'मग घरी नेतो' म्हणायचं. तिथंच अर्धी केस समजते. अटक असेल तर अटकेचा फॉर्म, त्यावर साक्षीदाराची सही, नातेवाइकाला कळवल्याची नोंद. सर्वोच्च न्यायालयाच्या डी. के. बसू निकालापासून, म्हणजे डिसेंबर १९९६ पासून, हे सगळं बंधनकारक आहे आणि आता संहितेतही आहे. ठाण्यात आणि जिल्हा कंट्रोलला अटक केलेल्यांची नावं ठळक लावायची असतात, कलम ३७. लावलीत का ते बघायचं.

चौकशी चालू असताना वकिलाला भेटता येतं, पण अख्ख्या चौकशीभर शेजारी बसता येत नाही. कलम ३८. हे तुमच्या ज्युनिअरांना माहीत नसतं आणि मग उगाच भांडण होतं.

आणि वैद्यकीय तपासणी. अटक झाली की ती व्हावीच लागते, अहवालाची प्रत आरोपीला मिळते. ती प्रत मागा. अंगावरचे वळ आठवड्यात जातात. कागद राहतो.

थोरली सनद
अंमलदारसाहेब, आपण समोरासमोर कधी आलो असू तर मी टेबलावर हात आपटणाऱ्यांतला होतो. तरुण होतो.

आणखी एक भर. २०२५ च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सांगितलंय की अटकेची कारणं लेखी द्यायची, आरोपीला कळणाऱ्या भाषेत. लगेच शक्य नसेल तर निदान रिमांडला उभं करण्याच्या दोन तास आधी. शिरोलीच्या फाउंड्रीत ओडिशाचा मुलगा असतो, त्याला मराठी टाइप केलेला कागद देऊन अंगठा घेतला तर ती कारणं कळवली असं होत नाही. पाळीच्या वकिलाने विचारायचा प्रश्न एवढाच : कागद कोणत्या भाषेत आहे?

तोक्योतला कागलकर
मी वकील नाही, सॉफ्टवेअरवाला. पण इथं शेजारी एक वकील राहतात, त्यांच्याकडून ऐकून मग वाचलंय, म्हणून लिहितो.

जपानमध्ये अटक झाल्यावर खटला भरण्याआधी माणसाला तेवीस दिवसांपर्यंत आत ठेवता येतं. पूर्वी त्या काळात गरिबाला सरकारी खर्चाने बचावाचा वकील मिळत नव्हता, तो खटला उभा राहिल्यावरच मिळायचा. सरकार हलेना. तेव्हा १९९० मध्ये ओइता नावाच्या लहानशा प्रांतातल्या वकील संघाने स्वतःच यादी केली. 'तोबान बेंगोशी' म्हणतात. तोबान म्हणजे शाळेत फळा पुसायची पाळी असते ना, तीच. अटक झालेल्याने किंवा घरच्यांनी निरोप दिला की पाळीचा वकील जाऊन भेटतो, पहिली भेट फुकट. दोन वर्षांत, १९९२ पर्यंत, सगळ्या देशातल्या वकील संघांनी ते सुरू केलं.

यात गंमत पद्धतीची आहे. मोठ्या शहरांत त्या दिवसाचा वकील मोकळा राहून फोनची वाट बघतो. लहान ठिकाणी माणसं कमी, तिथं यादी असते. कार्यालय वरून एकेकाला फोन लावत जातं, जो मिळेल तो जातो. ताईंनी विचारलं ना, फोन बंद असेल तर? त्याचं उत्तर हेच, फोन करणारा माणूस वेगळा हवा. वकिलाने वकिलाला शोधत बसायचं नाही.

पैसा? १९९५ पासून सभासदांकडून जादा वर्गणी घेऊन निधी केला. त्यावर वकिलांत भांडणंही झाली असणार, शेवटी वकीलच ते. आणि २००६ मध्ये सरकारला कायद्याने संशयितांसाठी सरकारी खर्चाने वकिलाची सोय सुरू करावी लागली, पुढे ती वाढत गेली. स्वयंसेवकांनी सोळा वर्षं चालवून दाखवलं होतं, त्यामुळे जमणार नाही असं म्हणायची सोय राहिली नव्हती.

आणखी एक. तिथल्या वकील संघांच्या मानवी हक्क समित्यांकडे कोणीही तक्रार करू शकतो. कैदी बरेच करतात. समिती चौकशी करून त्या तुरुंगाला किंवा खात्याला लेखी इशारा, शिफारस किंवा विनंती पाठवते. कायद्याने बंधनकारक काहीच नाही. पण वकील संघाच्या शिक्क्याचं पत्र आलं की उत्तर द्यावं लागतं म्हणे.

आपल्याकडे याला 'हजेरी वकील' म्हणता येईल का?

थोरली सनद
कागलकर, माहिती नामी. नाव मात्र ते नको. कोल्हापुरात 'हजेरी' शब्दाला इतिहास आहे. महार, मांग, रामोशी, बेरड या समाजांना रोज हजेरी द्यावी लागायची, चोर नाही हे सिद्ध करायला. शाहू महाराजांनी १९१८ मध्ये ती बंद केली. इंग्रजांचा गुन्हेगार जमाती कायदा देशात १९५२ पर्यंत होता, म्हणजे महाराज चौतीस वर्षं पुढे. आणि आजही गावात चोरी झाली की पहिली गाडी कोणत्या वस्तीवर जाते, ते अंमलदारसाहेब सांगतील.

निवृत्त ठाणे अंमलदार
सांगत नाही. तुम्हाला माहीत आहे.

पंचगंगेकाठी
मी विधी स्वयंसेवक आहे, प्राधिकरणाची. वकील नाही, अंगणवाडीत नोकरी केली. थोडं जास्त लिहिते, सांभाळून घ्या.

२०१९ च्या महापुरात चिखली-आंबेवाडीच्या बायका घेऊन मी मदत केंद्रावर बसले होते. घर पडलेलं, पंचनाम्यात नाव दिराचं, रेशनकार्ड पाण्यात. त्या म्हणायच्या, वकील द्यायला आमच्याकडे पैसे कुठले. मला तेव्हा कळलं आणि बऱ्याच वकिलांनाही तेव्हाच कळलं की कायद्याच्या कलम १२ मध्ये पूरग्रस्त स्पष्ट लिहिलेले आहेत. पूर, भूकंप, दुष्काळ, जातीय अत्याचार, मानवी व्यापार. शिवाय सगळ्या बायका, मुलं, अपंग, अनुसूचित जाती-जमाती, कोठडीतली माणसं. यांना उत्पन्न न विचारता वकील मिळतो. उत्पन्नाची मर्यादा बाकीच्यांना, आपल्या राज्यात तीन लाख. १५१०० या नंबरावर फोन केला तरी चालतो. तेव्हा समितीने मानवी हक्क म्हणजे फक्त पोलीस असं धरू नये.

आता जे मला सलतं ते. जामीन होतो आणि माणूस सुटत नाही. कळंबा जेलला भेटीला जायचो तेव्हा एक पोरगा भेटला, परप्रांतातला. जामिनाचा हुकूम होऊन अडीच महिने झालेले. जामीनदार पाहिजे, त्याचा सातबारा नाहीतर घरफाळ्याची पावती पाहिजे. ह्याला इथं ओळखतो कोण? मुकादम फोन उचलत नाही. वीटभट्टीचा मालक म्हणतो, तो आमच्या हजेरीपटावर नव्हताच. पोरगा मला विचारतो, मावशी, साहेबांनी सोडलंय तर मला धरून कोणी ठेवलंय?

सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्येच मोतीराम प्रकरणात सांगितलंय की जामीनदार दुसऱ्या जिल्ह्यातला आहे म्हणून नाकारता येत नाही. तोही गरीब गवंडीच होता. जानेवारी २०२३ मध्ये आणखी आदेश झाले. जामीन झाल्यावर सात दिवसांत कैदी सुटला नाही तर तुरुंगाने प्राधिकरणाला कळवायचं. महिन्यात जामीनदार मिळाला नाही तर कोर्टाने स्वतः अटी सैल करता येतात का ते बघायचं. पण बघा म्हणून अर्ज घेऊन उभं कोणीतरी राहायला लागतं. त्या पोराचा अर्ज एका ज्युनिअर मुलीने एका दुपारी टाइप केला. जातमुचलक्यावर, म्हणजे जामीनदाराशिवाय स्वतःच्या हमीवर, सुटला. एक पान होतं हो. अडीच महिने एका पानासाठी.

बावड्याची वाट
मावशी, तुमची पोस्ट वाचून अर्धा तास काही लिहवलं नाही. हे काम यादीत घेतलंय. महिन्यातून दोनदा, जामीन होऊन सात दिवस उलटलेल्यांची नावं प्राधिकरणाकडून मागायची आणि एकेक नाव एकेका ज्युनिअरच्या गळ्यात बांधायचं.

उसाचा ट्रॅक्टर
वाचतोय गप. पण आमचंबी ऐका की वकीलसाहेब.

मी वाहनमालक. दोन वर्सामागं मुकादमाला टोळीसाठी अकरा लाख उचल दिली. दिवाळीनंतर टोळी आलीच न्हाई. मुकादमाचा फोन बंद. जमीन गहाण हाय. आता तुमची समिती ऊसतोड मजुरांच्या बाजूनं उभी ऱ्हाणार, वेठबिगारीचा कायदा सांगणार. बरोबर हाय, कोयत्यावाल्यांचं हाल मी डोळ्यानं बघतो, पालात बाळंत झालेली बाई बघितलीया. पण माझ्या फिर्यादीचा वकील बी तुमच्याच संघटनेतला हाय. मग तो कुणाचा?

थोरली सनद
धाग्यातला सगळ्यात अवघड प्रश्न ट्रॅक्टरवाल्या भावाने विचारला.

तुमचे अकरा लाख बुडाले ही फसवणूक, तिची दाद फिर्याद आणि दावा लावून. पण त्या रागाने कोणी मजुराच्या बायको-पोरांना वस्तीवर अडकवून ठेवलं तर १९७६ चा वेठबिगार निर्मूलन कायदा लागतो, तिथं उचल फिटली की नाही हा प्रश्नच येत नाही. दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या असू शकतात. म्हणून ज्याने वाहनमालकाचं वकीलपत्र घेतलंय त्याने मजुराच्या प्रकरणात समितीच्या टेबलावर बसायचं नाही, कागदाला हात लावायचा नाही. पाळी त्याची असली तरी फोन पुढच्याकडे. हे आधीच लिहून ठेवा, प्रकरण आल्यावर ठरवायला बसलात तर संघटनेत उभी फूट पडेल.

आणि ताई, तुम्हाला आवडणार नाही असं आणखी एक. मानवी हक्कांचं काम करणाऱ्या संघटनेने आधी आपलं दार झाडावं. गावात संताप झाला की ठराव होतात, 'या आरोपीचं वकीलपत्र कोणी घेऊ नये'. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये मोहम्मद रफी प्रकरणात असे ठराव बेकायदा आणि रद्दबातल ठरवलेत. कोर्टाच्या कामावरच्या बहिष्काराचंही तसंच. कोल्हापुरात उच्च न्यायालयाचं खंडपीठ व्हावं म्हणून आपण किती वर्षं रस्त्यावर होतो, मीही घोषणा दिल्यात, आणि त्याचा मला अभिमान आहे. पण २००२ च्या उप्पल निकालाने वकिलांचा संप बेकायदा ठरवलाय. तो वाद बाजूला ठेवू. ज्या दिवशी आम्ही बाहेर मंडपात बसलो होतो त्या दिवशी आत रिमांड चालूच होते. त्या आरोपींचं काय झालं, हे मी तेव्हा विचारलं नाही.

बाकावरचा
आता मात्र वाचायला मजा येतेय.

कायद्याचा दुसरा वर्ग
सर, विद्यार्थ्यांना यात काही करता येईल का? सनद नाही, पण टायपिंग येतं, हिंदी-कन्नड येतं. आणि रात्री जागेच असतो.

बावड्याची वाट
@दुसरा वर्ग, कन्नड येत असेल तर तू आमच्यापेक्षा कामाचा. ठाण्यात वकील म्हणून बोलायचं नाही, दुभाषा म्हणून बरोबर यायचं. आणि कागलकर म्हणाले तो फोन लावणारा वेगळा माणूस, ते तुम्ही चौघं-पाचजण मिळून करा.

आता आजवर ठरलेलं. पहिले सहा महिने फक्त शहर आणि करवीर तालुका, जिल्हाभर पसरायचं नाही. प्रत्येक रात्री दोन नावं, महिला आरोपी असेल तर त्यात एक वकील महिलाच. पाळीवर गेलेल्याने अशिलाकडून एक रुपयाही घ्यायचा नाही, आणि तीच केस पुढे फी घेऊन चालवायची नाही. हा शेवटचा नियम सांगितल्यावर बावीसातले सात जण गळाले. चला, यादी खरी झाली. रिक्षा, झेरॉक्स, टायपिंग यासाठी वर्गणीतून निधी मागितलाय. खजिनदार म्हणतात, 'बघू'.

प्रत्येक भेटीची एक पानाची नोंद : किती वाजता फोन, किती वाजता पोचलो, अटकेची वेळ, डायरी क्रमांक, कागदाची भाषा, अंगावर काय दिसलं. ठाण्यातल्या सीसीटीव्हीचं चित्रण जपून ठेवा असा अर्ज त्याच रात्री द्यायचा. २०२० च्या निकालात अठरा महिने, ते शक्य नसेल तर निदान वर्षभर चित्रण ठेवायला सांगितलंय, पण मागितलं नाही तर 'यंत्र बंद होतं' हे उत्तर ठरलेलं. राज्य मानवी हक्क आयोगाकडे तक्रारीला घटनेपासून एक वर्षाची मुदत आहे, फी नाही. ते एक पान जपलेलं असेल तरच वर्षाच्या आत ती तक्रार उभी राहते.

आणि गंभीर काही असेल तर रिट, म्हणजे थेट उच्च न्यायालयात अर्ज. पूर्वी त्यासाठी रात्रीच्या महालक्ष्मीने मुंबई गाठायची, तिथं राहायचं, तिथला वकील गाठायचा. १८ ऑगस्ट २०२५ पासून सीपीआर रुग्णालयासमोरच्या जुन्या कोर्टाच्या इमारतीत उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच बसतंय, सहा जिल्ह्यांसाठी. आता लांब पडतं ही सबब संपली.

नावाचं अजून ठरलेलं नाही. 'पाळीचा वकील' म्हटलं तर ज्युनिअर मुली हसतात.

उसाचा ट्रॅक्टर
हसूद्यात की. आमच्याकडं रात्री दोनला पाण्याची पाळी येती. थंडी असूदे, साप-विंचू असूदे, ज्याची पाळी त्यो बॅटरी घिऊन उठतोय. न्हाई उठला तर पाणी पुढच्याच्या रानात जातंय, आन् सकाळी त्यालाबी कळतंय, गावालाबी. ग्रुपवर हात जोडून चालत न्हाई तिथं.

माझं काम ज्या वकिलाकडं हाय त्याचं नाव तुमच्या यादीत हाय का तेवढं बघून सांगा.

बावड्याची वाट
आहे. मंगळवारी. तुमच्या कारखान्याच्या बाजूचा फोन आला तर तो बुधवारवाल्यांकडे जाईल, त्यांना तसं कळवलंय. बुधवारी मी आहे.

पंचगंगेकाठी
फोन आणि नोंदवही सांभाळायला मीही आहे, उद्या किती वाजता येऊ? आणि वहीला रेघा मारून आणू की छापलेली मिळणार आहे?

बावड्याची वाट
मावशी, छपाईचं खजिनदार अजून 'बघू'च म्हणतायत. रेघा मारूनच आणा.